दंतवैद्याची गोळी आणि हृदयाची झडप

तालुक्याच्या गावी दात काढून घेतलेला माणूस दवाखान्यातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात बहुधा पाच दिवसांच्या प्रतिजैविकांची चिठ्ठी असते. दात हलणारा असो की किडलेला, माणूस धडधाकट असो की आजारी, चिठ्ठीत फारसा फरक पडत नाही. हा प्रघात देशभर आहे आणि नाशिक जिल्ह्यातील देवळा त्याला अपवाद असण्याचे काही कारण नाही. चिठ्ठी मिळाली नाही तर रुग्णालाच काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. याउलट ज्याच्या हृदयात कृत्रिम झडप बसविलेली आहे त्याला दात काढण्यापूर्वी प्रतिजैविकाची एक मात्रा मिळायला हवी असते. पण त्याला तसे कोणी विचारीत नाही आणि विचारल्यावाचून तोही सांगत नाही. ज्याला गरज नाही त्याला पाच दिवस औषध आणि ज्याला गरज आहे त्याला एका वेळेचेही नाही, अशी ही उलटी व्यवस्था आहे. ती सुलटी करावयाची तर परदेशी वैद्यकसंस्थांची मार्गदर्शक सूत्रे नुसती भिंतीवर टांगून भागणार नाही. ती या भागातील माणसांच्या मापाने बेतून घ्यावी लागतील.

प्रश्नाचे मूळ समजून घेणे अवघड नाही. माणसाच्या तोंडात असंख्य जंतू नेहमीच नांदत असतात. दात उपटताना किंवा हिरडीखालचे कीटण खरवडताना त्यातील काही जंतू रक्तात शिरतात. निरोगी शरीर त्यांचा थोड्याच वेळात निकाल लावते. परंतु हृदयाची झडप खराब झालेली असेल किंवा तिच्या जागी कृत्रिम झडप असेल, तर क्वचित प्रसंगी हे जंतू तेथे ठाण मांडतात आणि हृदयाच्या अंतःस्तराचा जंतुदोष सुरू होतो. वैद्यकात त्याला एन्डोकार्डायटिस म्हणतात. रोगी आठवडेच्या आठवडे बारीक तापाने झिजत राहतो. त्या तापाला विषमज्वर किंवा हिवताप समजून उपचार होत राहणे सहज शक्य असते. निदान झाल्यावर चार ते सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात, आणि तरीही रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी सुमारे पाचांतील एक दगावतो. या विकाराची सगळीच प्रकरणे दातांपासून उद्भवत नाहीत; परंतु जी उद्भवतात त्यांपैकी काही टाळता येण्याजोगी असावीत, या विचारातून प्रतिबंधक मात्रेची कल्पना पुढे आली.

लंडनमध्ये ओकेल आणि इलियट या दोघा संशोधकांनी १९३५ साली दात काढल्यानंतर लगेच रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांच्या रक्तात तोंडातील जंतू आढळले. पेनिसिलिन हाती आल्यावर त्याचा उपयोग येथे करावा असे वाटणे स्वाभाविकच होते. १९५५ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने याविषयीची पहिली सूत्रे प्रसिद्ध केली. आपल्याकडे पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना त्याच्या आदल्या वर्षीची, १९५४ सालची आहे. पुढील पन्नास वर्षांत ही सूत्रे अनेकदा बदलली. मात्रा कमी झाल्या, दिवस कमी झाले, आणि अखेर अनेक दिवसांच्या औषधाची जागा दंतोपचारापूर्वीच्या एकाच मात्रेने घेतली. पाच दिवसांच्या गोळ्या लिहून देणाऱ्या दवाखान्यांत हा शेवटचा बदल अजून रुजलेला नाही.

२००७ साली अमेरिकेच्या संस्थेने मोठेच पाऊल उचलले. दात घासताना आणि अन्न चावतानाही जंतू रक्तात शिरत असतात. वर्षभरात रोजच्या व्यवहारातून होणारा हा उपसर्ग एखाद्या वेळच्या दंतोपचारापेक्षा कितीतरी मोठा असतो, असे तिने मानले. म्हणून ज्यांना हा विकार झाल्यास प्राण जाण्याचा धोका सर्वाधिक, अशांपुरतीच मात्रा राखावी असे ठरले. कृत्रिम झडप असलेले, हा विकार पूर्वी होऊन गेलेले, जन्मजात हृदयदोषाचे काही ठराविक प्रकार असलेले आणि हृदयरोपणानंतर झडपेचा विकार जडलेले रुग्ण एवढेच त्या यादीत राहिले. २०२१ मध्ये हाच निर्णय कायम करण्यात आला. ब्रिटनमधील ‘नाइस’ या नावाने ओळखली जाणारी संस्था २००८ साली त्याहून पुढे गेली आणि दंतोपचारासाठी अशी मात्रा कोणालाच देऊ नये असे तिने सांगितले. त्यानंतरच्या वर्षांत इंग्लंडमध्ये या विकाराचे प्रमाण वाढल्याचे एका अभ्यासात दिसले; ती वाढ त्या निर्णयामुळेच झाली हे मात्र सिद्ध झाले नाही. २०१६ साली संस्थेने आपल्या वाक्यात ‘सरसकट’ अशा अर्थाचा एक शब्द घालून वैद्याच्या विवेकाला थोडी वाट करून दिली. प्रगत देशांतील जाणकारांतही एकवाक्यता नाही, हे यावरून ध्यानात यावे.

या सर्व फेरबदलांत एका गोष्टीकडे भारतीय वाचकाचे लक्ष गेले पाहिजे. अमेरिकेच्या १९९७ च्या यादीत रुमॅटिक तापाने झडपा बिघडलेल्या रुग्णांचा समावेश होता. २००७ च्या यादीतून ते गळाले. हा ताप लहान मुलांच्या घशात होणाऱ्या एका जंतुदोषामागून येतो. पाच ते पंधरा वर्षे हे त्याचे मुख्य वय, आणि दाटीवाटीची घरे व वेळेवर न मिळालेला उपचार ही त्याची मुख्य कारणे. सांध्यांची सूज आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते, पण झडपेवरचा व्रण जन्मभर राहतो. अमेरिकेत आणि पश्चिम युरोपात हा आजार आता विरळा झाला आहे. जेथे असे रुग्णच थोडे, तेथे ते यादीत असले काय आणि नसले काय, मोठा फरक पडत नाही. भारतात मात्र झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या तरुण रुग्णांत हा आजार आजही ठळकपणे दिसतो. अमेरिकेची यादी जशीच्या तशी उचलली, तर झडपेच्या विकाराने ग्रस्त असलेला येथला एक मोठा वर्ग त्या यादीबाहेर राहतो.

या पेचातून वाट काढणारे देश आहेत. ऑस्ट्रेलियाने २००८ साली अमेरिकेप्रमाणेच आपली यादी आखडली. परंतु तेथील मूळ रहिवाशांत रुमॅटिक हृदयविकार फार असल्याने त्या समाजातील अशा रुग्णांना तिने यादीत ठेवले. न्यूझीलंडनेही त्याच वर्षी रुमॅटिक झडपविकाराला आपल्या सूत्रांत जागा राखली. विज्ञान तेच, औषध तेच. परंतु कोणत्या समाजात कोणता रोग किती आणि त्या समाजाच्या दारापर्यंत उपचार किती पोहोचतो, हे पाहून त्यांनी निर्णय वेगळा केला. युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेही २०२३ मध्ये मध्यम धोक्याच्या रुग्णांबाबत सरसकट मात्रा नको, पण व्यक्तिपरत्वे विचार करण्यास हरकत नाही, असे म्हटले आहे.

कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या कसमादे पट्ट्यात हाच प्रश्न विचारला गेला पाहिजे. येथील बहुसंख्य माणसे शेतीवर जगतात. कांद्याच्या लागवडीत आणि काढणीत दात दुखतो म्हणून कोणी दिवस मोडीत नाही. लोहोणेर, उमराणे, खर्डे या गावांतून माणूस दंतवैद्याकडे येतो तो दुखणे असह्य झाल्यावर, म्हणजे हिरड्या सुजून, दात मुळापर्यंत किडून गेल्यावर. मशेरी आणि तंबाखूने हिरड्यांची दशा आधीच वाईट झालेली असते. हृदयाची इको तपासणी करावयाची तर बहुधा मालेगाव किंवा नाशिक गाठावे लागते. जंतुदोष झालाच तर तो वेळेत ओळखला जाण्याची शक्यता कमी आणि महिनाभर रुग्णालयात राहण्याची ऐपत त्याहून कमी. अशा ठिकाणी झडप निश्चितपणे बिघडलेल्या रुमॅटिक रुग्णाला दात काढण्यापूर्वी एक मात्रा देणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. या मात्रेने नेमके किती रुग्ण वाचतात याचा निर्विवाद पुरावा कोणाकडेच नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु पुरावा अपुरा असताना निर्णय झुकवावयाचा तर तो ज्याचे नुकसान भरून येणार नाही त्याच्या बाजूने झुकवावा. एका मात्रेने जंतूंचा औषधांना होणारा प्रतिकार वाढेल ही भीतीही अनाठायी नाही. पण निरोगी माणसांना वाटल्या जाणाऱ्या पाच-पाच दिवसांच्या गोळ्यांपुढे ती भीती क्षुल्लक आहे.

औषध कोणते आणि केव्हा, यातही स्थानिक विचार लागतो. प्रौढाला अमॉक्सिसिलिन दोन ग्रॅम, म्हणजे पाचशे मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल, आणि मुलाला वजनाच्या दर किलोमागे पन्नास मिलिग्रॅम, अर्धा ते एक तास आधी, एवढीच ही मात्रा असते. हे स्वस्त औषध खेड्यातील औषधांच्या दुकानातही मिळते. पण रुमॅटिक हृदयविकाराचे अनेक रुग्ण दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेत असतात. त्यांच्या तोंडातील जंतू त्या जातीच्या औषधाला सरावलेले असण्याचा संभव असतो. अशांना अमॉक्सिसिलिन न देता अझिथ्रोमायसिनसारखे दुसऱ्या गटातील औषध निवडावे, असे अमेरिकन सूत्रेच सांगतात. अमेरिकेत ही बाब थोड्यांपुरती असेल. येथे ती सूत्रांच्या पहिल्या ओळीत यायला हवी. पेनिसिलिन न सोसणाऱ्यांना पूर्वी क्लिंडामायसिन देत. त्याच्या दुष्परिणामांमुळे २०२१ च्या सूत्रांनी ते वगळले आहे, हेही जुन्या पुस्तकांवर विसंबणाऱ्यांना कळले पाहिजे.

वेळेचाही प्रश्न आहे. दुपारच्या एसटीने परत जाणारा रुग्ण खुर्चीत बसताच गोळी द्यायची आणि लागलीच चिमटा लावायचा, याने हेतू साधत नाही. औषध रक्तात पोहोचण्यास वेळ लागतो. दवाखान्यात तासभर थांबण्याची सोय करणे आणि अनेक दात काढावयाचे असल्यास रुग्णाला झेपेल तेवढे काम एकाच बैठकीत, एकाच मात्रेच्या आधाराने उरकणे, हे परदेशी सूत्रांत ठळकपणे नसले तरी येथे महत्त्वाचे ठरते. त्यामुळे मात्राही कमी लागतात आणि रुग्णाचे भाडे व मजुरीही वाचते.

यापेक्षा अवघड काम आहे ते रुग्ण ओळखण्याचे. ‘हृदयाचा काही आजार?’ या छापील प्रश्नाला बहुतेक जण ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. आपल्या दुखण्याचे वैद्यकीय नाव त्यांना ठाऊक नसते आणि दाताच्या दवाखान्यात छातीची चौकशी कशाला, हेही कळत नाही. तोच प्रश्न लोकांच्या बोलीत विचारला तर उत्तर मिळते. ‘मावशी, दर एकवीस दिवसांनी सुई घ्यावी लागते का?’ ‘लहानपणी हृदयाला छिद्र आहे असे कोणी सांगितले होते का?’ ‘छातीचे ऑपरेशन झाले आहे का, झडप बदलली आहे का?’ ‘रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का?’ हे चार प्रश्न विचारण्यास एक मिनिट पुरते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने घडविलेली भारतीय कृत्रिम झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसविण्यात आली. तेव्हापासून, आणि पुढे सरकारी आरोग्य योजनांमुळे, ही शस्त्रक्रिया सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आली. झडप बदललेला माणूस दंतवैद्याच्या दारात येणे आता अपवाद राहिलेला नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाने घरी सोडताना ‘दाताच्या उपचारापूर्वी हे कार्ड दाखवा’ असे मराठीत छापलेले एक कार्ड दिले तर निम्मे काम होईल.

येथे शाळेचाही संबंध येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. या कार्यक्रमाची पथके शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात आणि ज्या तीस विकारांचा शोध घेतात त्यांत जन्मजात हृदयदोष, रुमॅटिक हृदयविकार आणि दातांचे विकार हे तिन्ही आहेत. एकाच मुलाच्या एकाच तपासणीत हृदयाची आणि दाताची नोंद होते. परंतु त्या दोन नोंदींची सांगड घालून ‘या मुलाचे दात काढण्यापूर्वी मात्रा द्यावी’ असा शेरा पालकांच्या हाती पडला तरच त्या नोंदीचा उपयोग. वर्गशिक्षकाला हे ठाऊक असेल तर हृदयविकार आढळलेल्या मुलाच्या पालकांना तो वेळेवर सांगू शकेल. घसा दुखून ताप आलेल्या आणि मागाहून सांधे सुजलेल्या मुलाला डॉक्टरांकडे धाडण्याचे भानही शिक्षकालाच सर्वांआधी येऊ शकते.

आता तराजूचे दुसरे पारडे. निरोगी माणसाच्या दात काढण्यासाठी प्रतिजैविके द्यावीत काय, याविषयी कॉक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला. अक्कलदाढ काढल्यानंतरचा एक जंतुदोष टाळण्यासाठी सुमारे १९ निरोगी माणसांना औषध द्यावे लागते, असे त्यातून निघाले. म्हणजे १८ जणांनी ते विनाकारण घ्यावयाचे, तेही अक्कलदाढेसारख्या अवघड कामात. हलणारा दात काढताना लाभ आणखी कमी असणार. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रतिजैविकांच्या पुस्तकातही दातांच्या बहुतेक दुखण्यांवर खरा उपाय दंतवैद्याच्या हातचे काम हा आहे, गोळी नव्हे, असे सांगितले आहे. गुडघा बदललेल्या रुग्णांनाही दंतोपचारापूर्वी प्रतिजैविक देण्याची सर्वसाधारणपणे गरज नाही, असे अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१५ साली स्पष्ट केले. सरकारने मार्च २०१४ पासून काही प्रतिजैविकांची विक्री ‘एच-१’ परिशिष्टाखाली आणून औषध-विक्रेत्यांना नोंदवही ठेवणे बंधनकारक केले. पण चिठ्ठीच जर विनाकारण लिहिली गेली असेल तर नोंदवही काय करणार?

दंतवैद्यांची बाजूही ऐकली पाहिजे. खेड्यातून आलेला रुग्ण जखम चिघळली तरी परत येण्याची खात्री नसते. त्याने घरी जाऊन शेण-मातीत हात घालायचे, त्याच हाताने तंबाखू तोंडात टाकायची. सूज आली तर गावात बोभाटा दंतवैद्याचा होतो आणि शेजारच्या दवाखान्यातून ‘त्यांनी गोळ्याच दिल्या नव्हत्या’ असे उद्गार निघतात. ही भीती खोटी नाही. परंतु तिच्यावर उपाय गोळी हा नाही. उपकरणे दर रुग्णागणिक वाफेच्या दाबाखाली नीट निर्जंतुक करणे, जखमेच्या काळजीची लेखी सूचना मराठीत देणे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोनवर विचारपूस करणे आणि ताप किंवा पसरणारी सूज दिसल्यास मात्र विलंब न लावता औषध सुरू करणे, हा तो उपाय आहे. तालुक्यातील सर्व दंतवैद्य एकाच लेखी सूत्राने वागू लागले, तर गोळी न देणारा एकटा पडणार नाही आणि रुग्णही एकाला सोडून दुसऱ्याकडे गोळीसाठी धावणार नाही. स्थानिक सूत्रांचे खरे बळ या एकजुटीत आहे.

अशी सूत्रे करण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकलाच आहे. दंत आणि वैद्यकीय महाविद्यालये त्याच शहरात आहेत. हृदयरोगतज्ज्ञ, दंतवैद्य, बालरोगतज्ज्ञ आणि औषधशास्त्राचे अध्यापक यांची एक छोटी समिती विद्यापीठाने नेमावी. देवळ्यासारख्या तालुक्यांत प्रत्यक्ष दवाखाना चालविणारे दोघे-तिघे दंतवैद्य तीत असावेतच. अन्यथा शहरातील चार भिंतींत तयार झालेले सूत्र तालुक्यात टिकणार नाही. समितीने कोणाला मात्रा द्यावी, कोणाला देऊ नये, कोणते औषध, किती आणि केव्हा, हे एका पानावर मराठीत लिहावे. परदेशी सूत्रांपासून जेथे फारकत घेतली असेल तेथे तिची कारणे नोंदवावीत. प्रत्येक दवाखान्याने किती दात काढले, किती जणांना प्रतिजैविके दिली आणि किती जखमा चिघळल्या याची साधी वही ठेवावी. दोन-तीन वर्षांनी त्या वह्या एकत्र केल्या, तर आज जे अंदाजाने बोलले जाते ते आकड्यांनी बोलता येईल आणि सूत्रे त्यानुसार सुधारता येतील.

या सर्वांहून साधी गोष्ट अशी की हृदयविकार असलेल्या माणसाचे खरे संरक्षण मात्रेपेक्षा निरोगी हिरड्याच अधिक करतात. ज्याच्या हिरड्यांतून रोज दात घासताना रक्त येते, त्याच्या रक्तात जंतू रोजच शिरतात. वर्षातून एकदा दिलेली मात्रा त्यांना कशी अडविणार? झडपेची नियोजित शस्त्रक्रिया होण्यापूर्वी तोंडाची तपासणी आणि दुरुस्ती, त्यानंतर दर सहा महिन्यांनी दंतवैद्याची भेट, मशेरीला रजा आणि सकाळ-रात्र दात घासणे यांना पर्याय नाही. ग्रामीण रुग्णालयात रुमॅटिक रुग्ण दर तीन आठवड्यांनी इंजेक्शनसाठी येतो, त्याच दिवशी त्याचे तोंड उघडून पाहण्याची पद्धत पडली तरी पुष्कळ साधेल. त्यासाठी नवी योजना लागत नाही आणि नवा निधीही लागत नाही. एकाच इमारतीतील दोन खोल्यांनी एकमेकींशी बोलावे लागते, इतकेच.